तापाच्या रांगेतली कुबडी

प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टर कोकणातल्या एका नव्या वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : रुग्णालयाला रॅम्प झाला, दिव्यांग कक्षाची पाटी लागली, आता वरून सांगणं आलंय की या विषयात संशोधनही दिसलं पाहिजे. विद्यार्थ्यांकडून तालुक्यातल्या अपंगांचं सर्वेक्षण करून घ्यावं असं मनात आहे. पण सर्वेक्षण, पेपर आणि रोजची ओपीडी यांची सांगड कशी घालायची? आणि सुरुवात कुणापासून करायची?

मी ओटी आहे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. सरकारी मराठीत व्यवसायोपचारतज्ज्ञ. हे शिक्षण आपल्याकडे १९५० साली मुंबईत केईएममध्ये सुरू झालं, तरी तळकोकणात आजही ओटी म्हटलं की दवाखान्यात ऑपरेशन थिएटर आणि गावात घराची ओटी, एवढंच लोकांना ठाऊक. मला त्याचं वाईट वाटत नाही. गेली पंचवीस वर्षं माझं निम्मं काम लोकांच्या ओटीवर बसूनच झालंय. उत्तरही तिथूनच देतेय, त्यामुळे थोडं लांबेल.

सर्वेक्षण पहिल्या वर्षी करू नका. कारण सांगते, ते माझ्याच फजितीचं आहे.

सुरुवातीच्या काळात मी एक पाहणी केली होती. शिबिरांत वाटलेल्या व्हीलचेअरचं पुढे काय होतं, हा विषय. दोन तालुक्यांत घरोघर फिरले. बहुतेक खुर्च्या मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या सामानाच्या खोपीत पडलेल्या, काहींवर सुके नारळ रचलेले, एकीवर तर कोंबडी अंडी उबवत बसलेली. मी अहवालात लिहिलं, 'वापराबाबत जनजागृतीचा अभाव'. एका परिषदेत तो वाचला, चार लोकांनी कौतुकही केलं. पुढे देवगडकडच्या एका आजोबांनी मला विचारलं, "बाय, खुर्ची बरी आसा. पण तिका जाऊक वाट खय आसा?" त्यांच्या खळ्यापासून रस्त्यापर्यंत जांभ्या चिऱ्यांची घाटी होती, रत्नागिरीकडे जिला पाखाडी म्हणतात ती. सव्वाशेच्या वर पायऱ्या. शिवाय खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत चाकांच्या बेअरिंग गंजून गेलेल्या. मी खुर्च्या मोजल्या होत्या, वाटा मोजल्या नव्हत्या. आणि दोष लिहिला होता आजोबांच्या नावावर.

दुसरी अडचण प्रश्नाची. "घरात कुणी अपंग आहे का?" असं विचारलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं, "आमच्यात तसा कोण नाय." आत माजघरात मोतीबिंदूमुळे चार वर्षं न दिसणारी आजी बसलेली असते, पण ते वय झालं. नातू बोलत नाही, पण तो लाजाळू. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग निघाले, म्हणजे २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२चा अंदाज जगासाठी १६ टक्के, दर सहा माणसांत एक. आपण काही जगापेक्षा सातपट धडधाकट नाही. फरक बराचसा विचारण्यातला आहे.

त्यासाठी वॉशिंग्टन ग्रुपचे, म्हणजे अपंगत्वाची मोजणी कशी करावी हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे, सहा प्रश्न वापरा. त्यांत अपंग हा शब्दच नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? यंत्र लावूनही ऐकायला? चालायला किंवा पायऱ्या चढायला? आठवायला, लक्ष द्यायला? अंघोळ-कपडे स्वतःचं स्वतः करायला? आपल्या नेहमीच्या भाषेत दुसऱ्याला सांगायला, दुसऱ्याचं समजून घ्यायला? उत्तरं चार : त्रास नाही, थोडा होतो, खूप होतो, अजिबात जमत नाही. एका जरी प्रश्नाला 'खूप' किंवा 'अजिबात नाही' आलं तर नोंद करायची. दोन-तीन मिनिटांचं काम. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र हे प्रश्न लावू नका, त्यांचं मोजमाप वेगळं. आणि भाषांतर पुस्तकी ठेवू नका. 'लक्ष केंद्रित करणे' म्हटलं की समोरची बाई नुसती बघत राहते. "चुलीवर काय ठेवलंय ते विसरता का?" हे तिला लगेच कळतं.

हे प्रश्न घेऊन नवं सर्वेक्षण काढायची गरज नाही. तुमच्या एमबीबीएसच्या मुलांना कुटुंब दत्तक कार्यक्रम आहेच, प्रत्येकाकडे तीन ते पाच घरं. त्या फाइलमध्ये हे सहा प्रश्न घाला. विद्यार्थी त्या घरी पुन्हा पुन्हा जाणार असतो, त्यामुळे पहिल्या भेटीत 'तसा कोण नाय' म्हटलेलं घर तिसऱ्या भेटीत आजीला पुढे आणतं.

आता मुख्य मुद्दा. दिव्यांग कक्ष वेगळा काढला की बाकीचं रुग्णालय मोकळं होतं. कुबडी दिसली की शिपाई बोट दाखवतो, "तुमचं तिकडे." अहो, त्या माणसाला ताप आलाय. त्याला कुबडी नको, कुबडी त्याच्याकडे आहे. अपंग माणूस रुग्णालयात बहुतेक वेळा अपंगत्वासाठी येतच नाही. दाढ दुखते, दिवस गेलेत, साखर वाढलीय, कुत्रा चावलाय, म्हणून येतो. संशोधनही तिथेच करायला हवं, तापाच्या रांगेत.

एक ऑगस्ट आठवतो. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी महिन्याच्या फिरतीवर गेले होते. माडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला, चाळिशीचा एक गृहस्थ चार दिवस तापाने फणफणत होता. लघवीची नळी होती, त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं की तिथलाच जंतुसंसर्ग. तसं धरणं चुकीचंही नाही, अशा रुग्णांचे ताप पुष्कळदा तिथूनच येतात. पण शेतात गेला होतात का, हा आपल्याकडचा पावसाळी प्रश्न त्याला कुणी विचारला नाही. लुळा माणूस चिखलात कशाला जाईल? पोटऱ्या दुखतात का, हे विचारलं, तर तो नाही म्हणाला. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, ही ठळक खूण. पण ज्याला कमरेखाली काही कळतच नाही त्याच्या पोटऱ्या दुखणार कशा? डोळे लाल होते, पिशवीत लघवी कमी उतरायला लागली होती. तेव्हा कुठे शंका आली आणि त्याला जिल्ह्याला हलवलं. डायलिसिस लागलं, पण वाचला.

नंतर मी त्याच्या घरी गेले. खुर्ची आतल्या दारातून जात नव्हती, म्हणून तो हातांवर सरकत न्हाणीपर्यंत जायचा. वाट मांगराच्या कडेने. तिथे भाताची पोती, पोत्यांवर उंदीर, पागोळ्यांचं पाणी साचलेलं, आणि त्याच्या बसण्याच्या जागेची कातडी खरचटून सोललेली. लावणी करणाऱ्याच्या पायाला जेवढा धोका, तेवढाच किंवा जास्तच या माणसाला होता. आशाताई लेप्टोला प्रतिबंध म्हणून आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन वाटून गेल्या होत्या. यादी होती 'शेतात जाणारे'. त्याचं नाव तीत असणार कुठून?

तुमचा पहिला अभ्यास हाच करा. ओपीडीच्या तापाच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा, सहा प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाला 'खूप' आलं तो. ताप सुरू झाल्यापासून पहिला उपचार मिळेपर्यंत किती दिवस गेले, ते लिहा. प्रतिबंधक गोळी मिळाली होती की नाही, ते लिहा. पहिला पावसाळा नुसतं नोंदवा. दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी आशाताईंची यादी बदला : 'शेतात जाणारे' याच्या जोडीला 'जमिनीवरून सरकत किंवा रांगत जाणारे, पायाला जखम असून कळत नसलेले'. मग पुन्हा नोंदवा. एका केंद्रात आकडा फार छोटा येईल, म्हणून तीन-चार केंद्रं एकत्र घ्या. आणि पहिल्या पावसाळ्यात समोर असा माणूस दिसला तर त्याला तपासून गोळी द्यायचीच. अभ्यास थोडा बिघडेल, बिघडू दे.

छोट्या केंद्रातून असलं काही होतं का, असं तुमच्या मनात येत असेल, तर महाडकडे बघा. डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचवाच्या दंशाचं काम याच कोकणात, ग्रामीण आरोग्य केंद्रात केलं. रुग्णाच्या उशाशी बसून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, रक्तदाब असं एकेक लिहून ठेवलं. ते १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं, त्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरण्याबद्दलचं १९८६ मध्ये. पद्मश्री फार पुढे, २०२२ला. त्यांच्याकडे मोठं यंत्र नव्हतं. आपल्या भागात माणसं कशाने मरतात, हा प्रश्न होता आणि दर रुग्णामागे भरलेला कागद होता. जयपूर फूटचंही तसंच. चिखलात उतरणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या माणसाला परदेशी बुटातला पाय चालेना, म्हणून १९६८च्या सुमारास तो पाय घडला. आमच्या भातशेतीत मी तो लावून चिखलणी करणारे लोक पाहिलेत.

आता एक गैरसोयीची गोष्ट. तुमच्या एथिक्स कमिटीपुढे मंजुरीसाठी जे प्रोटोकॉल, म्हणजे संशोधनाचे आराखडे, येतात त्यांतलं 'कुणाला वगळले' हे कलम वाचत जा. मधुमेहाचा अभ्यास, रक्तदाबाचा अभ्यास, गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा अभ्यास, वगळलेले कोण? बोलू न शकणारे, उभे राहू न शकणारे, बौद्धिक अपंगत्व असलेले. का, म्हणून विचारलं की उत्तर मिळतं, वजन-उंची घेता येत नाही, संमती घेता येत नाही. मग दहा वर्षांनी आपणच म्हणतो की या लोकांबद्दल पुरावा उपलब्ध नाही. कमिटीत एक साधा नियम करून घ्या : ज्याने वगळलं त्याने कारण लिहायचं, आणि 'अवघड आहे' हे कारण चालणार नाही.

वजन घेता येत नाही, हे तर मला अजिबात पटत नाही. आमच्या एका केंद्रात खुर्चीवरच्या रुग्णांची वजनं अंदाजपंचे लिहिली जात होती आणि त्या अंदाजावर औषधांचे डोस ठरत होते. शेवटी आम्ही आंब्याच्या पेट्या तोलायचा जमिनीलगतचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, बागायतदाराकडून मोसम संपल्यावर उसना. खुर्चीसकट माणूस तोलायचा, मग नुसती खुर्ची तोलायची, वजाबाकी करायची. उंचीसाठी दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत टेप लावायचा, साधारण तेवढीच उंची धरता येते. हात वाकडे असतील तर कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी घेऊन तक्त्यात बघायची. एक गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदा, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, स्वतःचं खरं वजन ऐकून इतके हरखले की चार जणांना सांगत सुटले.

तपासणीचं टेबल ही दुसरी गोष्ट, आणि यावर मी जरा जास्तच बोलते, सहकारी कंटाळतात. आपल्याकडचं टेबल जमिनीपासून साधारण ऐंशी सेंटिमीटर उंच, खुर्चीची बैठक पंचेचाळीस-पन्नास. मधल्या फुटभराच्या उंचीत किती निदानं राहून जातात याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. दोन्ही पायांना पोलिओ असलेली एक वयनी गरोदर होती. चार वेळा तपासणीला गेली, चारही वेळा रक्तदाब, गोळ्या, आणि "हां, बरं आहे." पोट कुणी तपासलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "माका त्या टेबलार चढूक जमणा नाय. नर्सबाय म्हणाली, ऱ्हवांदे." त्याआधी नाव नोंदवायला गेली तेव्हा तिला विचारलं गेलं होतं, "कशाला ठेवलंस?" हा प्रश्न आपल्याकडे अपंग बाईला सहज विचारला जातो आणि विचारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. कायद्याने मूल हवं की नको हा तिचा निर्णय आहे, तिच्या संमतीवाचून वंध्यत्व आणणारा कुठलाही उपचार करता येत नाही. हे प्रसूतिकक्षातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

आम्ही सुताराकडून फणसाच्या लाकडाचा, खुर्चीच्या उंचीचा रुंद बाक करून घेतला, वर रेक्झिनची गादी. डॉक्टरांना वाकावं लागतं, त्यांची पाठ दुखते, ही तक्रार खरी आहे. म्हणून पुढच्या खरेदीत एक तरी वर-खाली होणारं टेबल मागा. पण ते येईपर्यंत बाक हवा. याचाही अभ्यास होतो : बाक येण्याआधीची आणि नंतरची गरोदर मातांची कार्डं काढा, पोट तपासल्याची नोंद किती जणींची आहे ते बघा. एवढंच. या छोट्या मोजणीतून रुग्णालय जेवढं बदलतं तेवढं मोठ्या सर्वेक्षणाने बदललेलं मी पाहिलेलं नाही.

तुमच्या विद्यार्थ्यांना जागतिक आरोग्य संघटनेची २००१ची आयसीएफ ही वर्गवारी शिकवावीच लागेल : अपंगत्व नुसतं शरीरात नसतं, शरीर आणि भोवताल यांच्या मेळातून घडतं. ते त्यांना फळ्यावर कळणार नाही. एकाच माणसाकडे जानेवारीत आणि जुलैत न्या. जानेवारीत कुबडीवर वाडी हिंडणारा माणूस जुलैत ओटीवरून उतरत नाही. चिऱ्यांवर शेवाळ, साकवावर पाणी, एका हातात कुबडी तर छत्री धरणार कशात? म्हणून कोकणातला कुठलाही अभ्यास दोन्ही मोसमांत झाला पाहिजे. नुसत्या हिवाळ्यातले आकडे घेऊन लिहिलेला पेपर माझ्याकडे तपासायला आला तर मी परत पाठवते.

डॉक्टरांसाठी सगळ्यात अवघड भाग वेगळाच आहे. अपंगत्व एकदा दिसलं की त्याची सावली बाकी सगळ्यावर पडते. सेरेब्रल पाल्सी असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, जेवण टाकलं, रात्रभर ओरडायचा. "अशी मुलं असंच करतात" म्हणून झोपेचं औषध सुरू झालं. आई सांगत होती की हे नवीन आहे, आधी असं नव्हतं. तोंड उघडून बघायला दोघांनी धरावं लागलं. खालच्या दाढेत पू होता. आई 'नवीन आहे' म्हणाली की ती तपासणीतली खूण समजा, रक्ताच्या रिपोर्टइतकी पक्की. तसंच माडावरून, आंब्यावरून पडलेल्या रुग्णांचं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा असेल आणि रुग्ण म्हणाला की डोकं फुटतंय, चेहरा लाल, कपाळावर घाम, तर रक्तदाब लगेच बघा, तो अचानक चढलेला असू शकतो. या लोकांचा नेहमीचा वरचा आकडा शंभरच्या आसपास असू शकतो, त्यामुळे एकशेचाळीस बघून निर्धास्त राहू नका. उठवून बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा आणि आधी लघवीची नळी बघा. ती मुडपलेली किंवा तुंबलेली असते. नंतर पोट साफ आहे का, कुठे जखम आहे का. ही माहिती तातडीच्या विभागात भिंतीवर लावायची, परिसंवादात सांगायची नाही.

मोसमात आंबे उतरवताना होणाऱ्या पडझडीची नोंद हाही एक विषय. जमिनीवरूनच आंबा उतरवता येईल असा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला असताना झाडावर कोण आणि का चढतं, ते विचारा. हल्ली बागांत नेपाळी कामगार बरेच. तो पडला तर मुंबईला जातो, तिथून गावी, आणि आपल्या कुठल्याच रजिस्टरमध्ये उरत नाही.

ऐकू न येणाऱ्यांसाठी आणि न दिसणाऱ्यांसाठी तुलनेने सोपं आहे, फक्त कुणी करत नाही. नाव पुकारण्याऐवजी नंबर दाखवा. मास्क खाली घेऊन समोरून बोला. तीस वर्षांच्या मुलीच्या पाळीबद्दल तिच्या भावाला दुभाष्या करू नका. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी जवळपास नसेल तर व्हिडिओ कॉलवर मिळवा, जवळच्या मूकबधिर शाळेतले शिक्षक पत्ता सांगतात. लिहून दाखवलं की झालं असं समजू नका, जन्मतः ऐकू न येणाऱ्या पुष्कळांना लिखित मराठी ही परकी भाषा असते. न दिसणाऱ्या माणसाच्या गोळ्यांच्या पाकिटाला सकाळची असेल तर एक कोपरा कापा, रात्रीची असेल तर दोन. आम्ही आधी स्टेपलच्या पिना लावायचो, त्या आठवड्यात गंजल्या.

अधिष्ठात्यांना पटवायला कायदा लागेल, तो असा. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६, लागू १९ एप्रिल २०१७ पासून. १९९५च्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस. पालघरकडे आढळणारा सिकलसेल आणि बरा झालेला कुष्ठरोगही त्यांत आहेत. कलम २५ आरोग्याचं : सरकारीच नव्हे, खासगी रुग्णालयातही अडथळ्यांविना प्रवेश, आणि तपासणीत प्राधान्य. कलम ४७ तुमच्या खास उपयोगाचं. डॉक्टर, परिचारिका, आशा, अंगणवाडी सेविका, सगळ्यांच्या अभ्यासक्रमात अपंगत्व हा घटक आला पाहिजे, असं ते म्हणतं. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. रॅम्पची चढण एकास बारा आहे का, ते टेपने मोजा. माझ्या पाहण्यातले निम्मे रॅम्प औषधांच्या ट्रॉलीसाठी केलेले असतात.

शिकवण्याबद्दल एकच सांगते. डोळ्यांना पट्टी बांधून चालायला लावण्याचा खेळ बंद करा. त्यातून मुलांना अंधाराची भीती कळते, वीस वर्षं न बघता संसार करणाऱ्या बाईचं कौशल्य कळत नाही. त्याऐवजी एका विद्यार्थ्याने एका अपंग व्यक्तीबरोबर तिच्या घरून ओपीडीत यावं आणि परत घरी जावं. एसटीची पहिली पायरी किती उंच, स्पेशल रिक्षाचे किती गेले, कुणाचा रोज बुडाला, कुठे कुणी उचललं, किती वाजता पोचले आणि खिडकी किती वाजता बंद झाली. एवढं लिहून आणलं की पुढच्या दहा व्याख्यानांचं काम झालं. त्या व्यक्तीला शिक्षक म्हणून मानधन द्या, नारळ आणि शाल नको. संशोधन समितीतही असे दोघे घ्या, एकटा माणूस सगळ्यांपुढे बोलत नाही. मी जेव्हा असं विचारलं तेव्हा मला वाटलं होतं लोक खुर्च्या, पायाला आधार देणारे कॅलिपर मागतील. त्यांनी सांगितलं : दात, संडास आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा दिवस.

घरच्या भेटींचं वेळापत्रक गणपती बघून करा. एरवी घरात म्हातारी माणसंच असतात. न्हाणीला कठडा लावायचा, उंबरा काढायचा, हे ठरवणारा चाकरमानी मुलगा तेव्हा हाताशी सापडतो, आणि घरात सुतारही आलेला असतो. मोजणी मात्र त्या दिवसांत नको. भरल्या घरात सगळ्यांचं सगळं ठीक चाललेलं दिसतं. आणि अभ्यास झाला की पेपर पाठवायच्या आधी त्याचं एक पान मराठीत करून त्या ओटीवर वाचून दाखवा. आजोबांसारखा कुणीतरी चूक काढतोच.

शेवटी तुमचा प्रश्न : सुरुवात कुणापासून करू? तुमच्या जिल्हा रुग्णालयात ज्या वारी प्रमाणपत्राचं बोर्ड बसतं, त्या दिवशी सकाळी सातला जाऊन रांगेत बसा. पहिल्यांदा फॉर्म नेऊ नका, एप्रनही नको. लोक पहाटेची गाडी धरून आलेले असतात. बघाल तर बऱ्याच बायका सकाळपासून घोटभर पाणीही प्यालेल्या नसतात, कारण लघवीला जायचं कुठे हा प्रश्न असतो. दिव्यांगांसाठीचं शौचालय कागदावर असतं, बांधलेलंही असतं, आणि त्याला कुलूप असतं. आत बादल्या, फिनेल, मोडकी सलाइनची स्टँडं. त्याची किल्ली कुणाकडे असते, ते पहिल्या दिवशी विचारून घ्या.